तोंडात गुळणी धरून

पॉलिशवाला दुकानात शिरला तेव्हा त्याच्या हातात मिटलेल्या छत्रीखेरीज काही नव्हतं. बाहेर पडला तेव्हा खाजेचं मलम, भाजल्यावर लावायची ट्यूब आणि चिकटपट्ट्यांचं एक पाकीट होतं. यातलं त्याला काहीएक नको होतं.

झालं असं. दुपारची वेळ, पाऊस सकाळपासून रिपरिपत होता, औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं आणि काउंटरमागे पुरवणी एकटीच उभी होती. पुरवणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते ठेवलं दादाने, म्हणजे तिच्या मोठ्या भावाने. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की पुरवणी जोडतात, तशी ही समोरच्याच्या अर्ध्या वाक्याला आपलं अर्धं जोडून द्यायची. फरक इतकाच, की उत्तरपत्रिका भरलीय का, हे बघायला तिला सवड नसे. "मला जरा..." म्हटलं की "पाणी?" आणि "आज ऑफिसात..." म्हटलं की "साहेब ओरडले?" बऱ्याचदा बरोबर निघायचं. चुकलं, तर ते बोलणाऱ्याचं चुकलं असं तिचं साधं मत होतं.

तर त्या माणसाने पायपुसण्यावर पाय पुसले, मग पुन्हा पुसले, आणि काउंटरकडे बघत हात पुढे केला. बोटं तपकिरी पडलेली, नखांच्या कडा काळपट.

"मी ते..."

"खाज येतेय? कधीपासून?"

"नाही, खाज नाही. हे काउंटर..."

"काउंटरवर ठेवा हात, बघू. अरे बापरे! भाजलंय की हो हे. काय, स्वयंपाक करताना?"

"भाजलं नाही. मला तुमच्या मालकांनी..."

"सवलत सांगितली असेल. ते सगळ्यांनाच सांगतात. देते. आणि या पट्ट्या असू द्या जवळ, कामाला येतात."

तिने पिशवी भरली, बिल फाडलं. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पैसे दिले आणि तो निघून गेला. दुकानाच्या छपराखाली तो जरा वेळ पिशवीकडे बघत उभा राहिला. मग परत आत आला, पुन्हा पाय पुसले, आणि पाण्यात उडी मारण्याआधी घेतात तसा मोठा श्वास घेतला.

"मी या काउंटरला पॉलिश करायला आलोय."

पुरवणीचे कान लाल झाले. पण माघार घेईल तर ती पुरवणी कसली?

"मग आधी नाही का सांगायचं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या भुवईवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तो आता पडेल, मग पडेल, असं तिला वाटत राहिलं, आणि आपण भलतीकडेच बघतोय हेही तिच्या लक्षात आलं.

"सांगतच होतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दुकान बंद असायचं तेवढ्या वेळात पॉलिशचं काम सुरू झालं. मालक मागच्या खोलीत खुर्चीवर पेंगायचे. पुरवणीचं घर लांब, त्यात पाऊस, म्हणून ती डबा खाऊन दुकानातच थांबायची. निदान घरी तिने कारण तेच सांगितलं होतं.

काउंटर जुना, सागवानी, आणि इतक्या वर्षांत इतक्या कोपरांनी घासलेला की मधे पार पांढरट पडलेला. पॉलिशवाला आधी तो खरखरीत कागदाने घासायचा, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडाच्या बोळ्याने लावायचा. असा एक थर दिला की त्याला तो 'एक हात' म्हणे. एक हात दिला की थांबायचं, वाळू द्यायचं. मग दुसरा हात. मग पुन्हा थांबायचं. पुरवणीला ते बघूनच दम लागायचा.

आणि तो बोलायचाही तसाच. एक शब्द ठेवायचा, तो वाळायची वाट बघायचा, मग दुसरा. त्याच्या दोन शब्दांच्या मधे माणूस जाऊन भाजी घेऊन आला असता.

"तुम्ही असे... म्हणजे..." तिलाच त्याच्यासारखं व्हायला लागलं होतं. "शाळेतही असंच बोलायचात?"

"शाळेत..."

"मार खाल्ला असेल!"

"नाही." बोळा फिरत राहिला. "चार मोठ्या बहिणी आहेत मला. बोलायची वेळच नाही आली कधी. पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं, तेही ताईने सांगितलं."

"आणि आता बहिणी सासरी गेल्यावर?"

"आई आहे."

ती हसली. हसता हसता तिला रागही आला. चांगला धडधाकट माणूस, हातात एवढी कला, आणि तोंड जणू भाड्याने दिलेलं! कुणीही यावं आणि त्यात राहावं. हे सगळं तिने त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो फक्त म्हणाला, "भाडेकरू बरा असला तर चालतं," आणि तिच्याकडे न बघता काम करत राहिला.

हवा दमट, त्यामुळे पॉलिश वाळता वाळेना. एका दुपारी तो हात धुवायला मागे गेला आणि पुरवणीला वाटलं, वाळलंय. दिसत तर होतं वाळल्यासारखं. तिने बोट टेकवलं. बोट उचललं तेव्हा काउंटरच्या अगदी मधोमध तिचा ठसा उमटला होता, सरकारी कागदावर उमटावा तसा ठसठशीत.

तो आला, वाकून बघितलं, आणि सरळ घासायचा कागद हातात घेतला.

"रागावलात?" ती म्हणाली.

"मी..."

"रागावलातच. चेहऱ्यावर दिसतंय. माझंच चुकलं, पण तुम्हीही सांगायला पाहिजे होतं की..."

"खूश झालो."

"काय?"

"काम एक दिवसाने वाढलं," तो म्हणाला, आणि तिच्या बोटाच्या ठशावरून अगदी हलक्या हाताने कागद फिरवू लागला.

पाऊस बाहेर पडतच होता. पुरवणीने उगाच खोकल्याच्या बाटल्या एका फळीवरून दुसऱ्या फळीवर नेल्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा पहिल्या फळीवर आणल्या.

आता इतकं सगळं सुरळीत चाललेलं असताना माणसाने गप्प बसावं की नाही? पण जिभेला हाड नसतं ते नसतंच.

शेवटचा हात तेवढा राहिला होता. तो त्या दिवशी नेहमीपेक्षाही सावकाश होता. बोळा बुडवायचा, पिळायचा, पुन्हा बुडवायचा.

"माझ्या मामांचा फर्निचरचा कारखाना आहे," तो म्हणाला. "लांब. दुसऱ्या शहरात. त्यांनी बोलावलंय मला. कायमचं."

पुरवणीने हातातली बाटली फळीवर उलटीच ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला आधी... मी त्यांना..."

"हो म्हणालात!" ती म्हणाली. आवाज तिचाच होता, पण दुकानातल्या घंटीसारखा वाजला. "वा! अभिनंदन! जायलाच पाहिजे. अशी संधी कोण सोडतं? इथे काय ठेवलंय?"

त्याचा हात हवेत थांबला. बोळ्यातून एक थेंब त्याच्या चपलेवर पडला. तो तिच्याकडे इतका वेळ बघत राहिला की कुणालाही कळलं असतं. पुरवणी मात्र तेवढ्यात पावतीपुस्तक शोधत होती.

"हो," तो शेवटी म्हणाला. "इथे काय ठेवलंय."

शनिवारी शेवटचा हात देऊन जातो, एवढं सांगून त्याने सामान आवरलं. छत्री विसरला. ती द्यायला पुरवणी दारापर्यंत धावली, तर तो कोपऱ्यावरून वळलासुद्धा होता. याच वेळी बरा झटपट चालला, मेला!

घरी आल्यावर पुरवणीने भांडी अशी आदळली की वहिनी खोलीतून बाहेर आली.

"काय झालं?"

"काही नाही. तो चाललाय मामाकडे. कायमचा. मला काय त्याचं? जाऊ दे की. बोलता येत नाही धड, आणि..."

"काय म्हणाला तो नेमकं?"

"म्हणाला, मामांनी बोलावलंय आणि मी त्यांना हो म्हणालो."

"असंच म्हणाला?"

"म्हणजे 'मी त्यांना' असं म्हणाला."

"आणि 'हो म्हणालो' हे कोण म्हणालं?"

पुरवणीच्या हातात एक वाटी होती. ती तिने हळूच खाली ठेवली.

"मी," ती म्हणाली.

वहिनीने कपाळावर हात मारून घेतला. एरवी ही गरीब गाय, पण त्या संध्याकाळी तिचाही बांध फुटला.

"तुला एक सांगू का? या घरात आल्याच्या पहिल्या सकाळी मी तुला सांगायला गेले होते, की मला चहा..."

"अजून हवा होता, माहितेय मला. म्हणून तर मी रोज..."

"मला चहा आवडत नाही!" वहिनी ओरडली. "मला चहा आवडत नाही, बाई! तू कौतुकाने दोन-दोन कप हातात ठेवतेस आणि मी डोळे मिटून पिते. माझं एक वाक्य तू कधी पुरं होऊ दिलं नाहीस. कधीतरी तोंडात गुळणी धरून बस गं. एकदा तरी बघ, लोक काय बोलतात ते!"

मागे दादा हसायला लागला होता, पण वहिनीने नुसतं बघितल्यावर तो वर्तमानपत्रात शिरला. पुरवणी मात्र हसली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती त्याचं अर्धं वाक्य पुन्हा पुन्हा मनात म्हणून बघत होती. मी त्यांना. मी त्यांना. त्यापुढे काहीही येऊ शकत होतं. आणि जे काही येणार होतं, ते तिने आपल्या हाताने पुसून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी पुरवणी पाण्याची बाटली घेऊनच काउंटरमागे उभी राहिली. वहिनी बोलण्याच्या ओघात म्हणाली होती, हिने ते शब्दशः घेतलं. गिऱ्हाईक आलं की पाण्याचा मोठा घोट तोंडात भरायचा आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत गिळायचा नाही. सोपं वाटतं? करून बघा. पहिल्याच बाईंचं वाक्य संपेना तेव्हा पुरवणीच्या डोळ्यांतून पाणी यायची वेळ आली. मालकांनी विचारलं, "दाढ दुखतेय का?" तिने मान हलवली, तर त्यांनी लवंगेच्या तेलाची बाटली पुढे केली. वाक्य जोडणारी ती एकटीच नव्हती तर.

मग मास्तर आले. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, सगळ्यांशी अदबीने वागणारे गृहस्थ. दर आठवड्याला यायचे, मानेपाशी हात न्यायचे, आणि पुरवणी लगेच घसा दुखण्याच्या गोळ्या काढून द्यायची. आजही त्यांनी मानेपाशी हात नेला आणि गोळ्यांची वाट बघत उभे राहिले. पुरवणी गाल फुगवून त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तर चपापले.

"अं... मला..." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "खरं सांगू का? माझी मान दुखते हो. चोळायला काही असेल तर हवं होतं."

पुरवणीने पाणी गिळलं. "आणि इतके दिवस त्या गोळ्या?"

"नातवंडांना वाटतो. त्यांना वाटतं आजोबा लाडाने आणतात."

"मास्तर, मग बोलायचं ना एकदा तरी!"

"तुम्ही इतक्या आत्मविश्वासाने द्यायचात," मास्तर संकोचून म्हणाले, "की मला वाटलं, घशाचंच असेल."

पुरवणी मटकन स्टुलावर बसली. आजवर तिला वाटायचं, आपण लोकांच्या मनातलं ओळखतो. लोकांच्या मनातलं तिथेच राहत होतं, आणि आपल्या मनातलं ती त्यांच्या पिशवीत भरून पाठवत होती. हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. प्रत्यक्षात तिला स्वतःचा भयंकर वैताग आला.

शनिवारी पाऊस उघडला. पॉलिशवाला आला, पाय पुसले, आणि एकही शब्द न बोलता शेवटचा हात द्यायला लागला. काउंटर आता असा झाला होता की त्यात वरच्या दिव्याची तार दिसत होती.

"हा ओला आहे," तो जाता जाता टेबलाला सांगावं तसं म्हणाला. "बोट लावू नका. आणि पाण्याचा तर थेंबही नको. पांढरा डाग पडतो, मग जात नाही."

पुरवणीने मान हलवली. तिच्या तोंडात घोट होता.

तो सामान आवरायला लागला. बोळा डब्यात, डबा पिशवीत. मग पिशवी खाली ठेवून उभा राहिला.

"मी..." तो म्हणाला, आणि सवयीने थांबला. जगातल्या सगळ्या बायका इथून पुढे त्याचं वाक्य घेऊन जात असत. त्याने वाट पाहिली. ती काही बोलेना. "मी त्या दिवशी..." पुन्हा थांबला. ती गाल फुगवून त्याच्याकडे बघतेय, बस.

"अगं, बोल ना काहीतरी!" तो एकदम वैतागला. आपण तिला 'तू' म्हणालो, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. "एरवी सतत बोलतेस, आणि आज मला हवंय तर..."

तिने बोटाने आपला गाल दाखवला, मग बाटली, मग त्याच्या तोंडाकडे बोट केलं. बोला.

त्याला कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला. हसू दाबत होता की राग, ते त्यालाच ठाऊक.

"बरं," तो म्हणाला. "मग ऐक. मी त्यांना 'नाही' म्हणणार होतो. हे सांगायला आलो होतो मी. तुला आधी सांगायचं होतं, म्हणून त्यांना कळवलंही नव्हतं. आणि तू अभिनंदन केलंस! वर विचारलंस, इथे काय ठेवलंय. मग मी घरी जाऊन हो कळवलं. गाढवासारखा."

पुरवणीने हात हवेत उडवले. अर्थ स्पष्ट होता. मग भांडायचं नाही का माझ्याशी?

"भांडायलाही वाक्य पुरं करावं लागतं!"

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं. मामा. आणि मग त्याने तेच केलं, जे तो जन्मभर करत आला होता. फोन तिच्यापुढे धरला. "तू सांग ना त्यांना. तुला जमतं."

एक क्षण तिचा हात पुढे आलासुद्धा. किती छान सांगितलं असतं तिने! मामांना बोलायला जागा ठेवली नसती. तिने तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

त्याने फोन कानाला लावला.

"मामा, मी... नाही, गाडी नाही चुकणार. नाही, तब्येत बरी आहे. आई? आई बरी आहे. मामा... मामा, जरा थांबा." त्याने डोळे मिटले. "माझं वाक्य आहे. मला पुरं करू द्या. मी येत नाहीये. तुम्ही बोलावलंत, उपकार आहेत तुमचे, पण मी येत नाहीये. कारण इथे एक मुलगी आहे, आणि मला तिच्याशी लग्न करायचंय. तिला अजून विचारलेलं नाही, कारण ती..."

पुरवणीला ठसका लागला.

तोंडातलं सगळं पाणी फवाऱ्यासारखं उडालं ते सरळ त्या ओल्या, आरशासारख्या काउंटरवर. लाख पांढरी पडत गेली, इथे, तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत. फोनमध्ये मामा 'कोण आहे? कोण आहे?' म्हणत होते. त्याने फोन बंद केला आणि दोघंही काउंटरकडे बघत राहिले.

"इतक्या दिवसांचं काम," तो म्हणाला. आवाजात रडणं होतं की हसणं, काही कळत नव्हतं. "थेंब म्हणालो होतो. थेंब!"

"मला..." पुरवणी म्हणाली.

आणि थांबली.

पुढचं येईचना. दुसऱ्याचं असतं तर तिने एव्हाना दहा शेवट जोडून दिले असते. हे तिचं स्वतःचं होतं, आणि तिच्या लक्षात आलं की असं वाक्य तिने कधी सुरूच केलेलं नाही.

दुकान उघडायची वेळ झाली होती आणि दारातून मास्तर आत येत होते, मानेला पट्टा, चेहऱ्यावर समाधान. त्यांनी एकदा दोघांकडे पाहिलं आणि त्यांना सगळं उमगलं.

"त्यांना म्हणायचंय की..."

"मास्तर," पॉलिशवाला म्हणाला, "थांबा. तिचं तिला म्हणू द्या."

त्याने स्टूल ओढलं आणि तो बसला. हातांची घडी घातली, पाय लांब केले. घाई नव्हती त्याला. जन्मभर त्याने दुसरं केलं काय होतं?

"मला भीती वाटते," पुरवणी शेवटी म्हणाली. "माणूस बोलायला लागला की शेवटी काय येईल याची. वाईट असेल ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला नको, म्हणून मीच म्हणून टाकते. तुम्ही जाताय हे मला ऐकवलं नसतं. म्हणून... म्हणून मीच तुम्हाला घालवलं. आणि त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाहीये, आणि तुमची छत्री मी परत देणार नव्हते, आणि..."

ती पुन्हा अडली. मास्तरांचे ओठ हलले, पण त्यांनी ते मोठ्या कष्टाने मिटून घेतले. पॉलिशवाला तसाच बसून होता.

"आणि तू मला हवा आहेस," ती म्हणाली. "झालं. संपलं माझं वाक्य."

तो आणखी जरा वेळ थांबला, खरंच संपलंय ना हे बघायला. मग उठला, पिशवी उघडली आणि घासायचा कागद बाहेर काढला.

"आता हे सगळं पहिल्यापासून," तो काउंटरवरून हात फिरवत म्हणाला. "पावसाळी हवा आहे. वाळायला वेळ लागेल."

"लागू दे," पुरवणी म्हणाली.